‘संशयकल्लोळ’ला ऑपेरा म्हणू नका

जुनं संगीत नाटक नव्या संचात रंगभूमीवर आलं की कौतुकाच्या लेखात एक वाक्य हमखास असतं: ‘हा तर आपला मराठी ऑपेरा!’ त्यातही ‘संशयकल्लोळ’ विनोदी, म्हणून लगेच मोझार्ट आणि रॉसिनी या युरोपीय ऑपेराकारांची नावं निघतात. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण या एका शब्दामुळे प्रेक्षक चुकीच्या अपेक्षा घेऊन नाट्यगृहात येतो, आणि पुनरुज्जीवन करणारेही चुकीच्या जागी कात्री लावतात.

संगीत नाटक म्हणजे काय हे सांगत बसत नाही. नांदी, साकी, दिंडी, पदं, ऑर्गन, तबला, वन्समोर हे तुम्हाला माहीत आहे. ऑपेरात मोठा वाद्यवृंद असतो, गायक सहसा माइकशिवाय गातात, समोर संचालक उभा असतो. हे फरक खरे आहेत, पण वरवरचे.

‘ऑपेरात सगळं गाऊनच, आपल्याकडे मध्ये संवाद’ हा फरक मात्र जिथंतिथं छापलेला दिसतो आणि तो चूक आहे. मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’मध्ये (1791) पात्रं चक्क बोलतात. गिल्बर्ट आणि सलिव्हन या इंग्रज जोडीच्या ‘मिकाडो’त (1885) पानंच्या पानं गद्य आहे. 1875 साली पॅरिसमध्ये ‘कार्मेन’ पहिल्यांदा झाला तेव्हा त्यातही गद्य संवाद होते, आणि त्या प्रकाराचं नाव ‘ऑपेरा-कॉमिक’. शेवटी नायिकेचा खून होतो, तरी कॉमिकच. म्हणजे संवाद आहेत की नाहीत यावरून काहीच ठरत नाही.

ठरतं ते यावरून: गाणं चालू असताना गोष्ट चालू असते का, आणि वेळ कुणाच्या हातात असतो.

मोझार्टच्या ‘फिगारो’च्या (1786) दुसऱ्या अंकाचा शेवट घ्या. काउंटला संशय की बायकोच्या आतल्या खोलीत कुणीतरी पुरुष दडलाय. दार उघडतं आणि बाहेर येते मोलकरीण सुझाना. काउंट वरमतो, माफी मागतो. तेवढ्यात काउंटचा नोकर फिगारो येतो. मग दारू चढलेला माळी चुरगळलेल्या फुलांची कुंडी घेऊन येतो: वरून कुणीतरी माझ्या फुलांवर उडी मारली! फिगारो म्हणतो, मीच तो, आणि पाय मुरगळल्याचं सोंग करतो. माळी म्हणतो, मग हा कागद तुमचाच पडला असणार. कागद कसला ते फिगारोला ठाऊक नाही. काउंटची बायको सुझानाच्या कानात सांगते, सुझाना फिगारोच्या. पुढे आणखी तिघं येतात आणि सात जण एकाच वेळी आपापलं म्हणणं गातात. हे सगळं सुमारे वीस मिनिटं सलग गाण्यात चालतं, बोललेला एक शब्द नाही. माळी कुठल्या मात्रेवर शिरणार, काउंट कुठं गोंधळणार, सगळं मोझार्टनं लिहून ठेवलंय. गायकाला ‘जरा थांबा, मला इथं रमायचंय’ म्हणायची सोय नाही.

आता ‘संशयकल्लोळ’. इंधन तेच, संशय. एक तसबीर नको त्या हातात पडते आणि फाल्गुनराव, कृत्तिका, आश्विनशेठ, रेवती सगळेच पेटतात. पण गाठी पडतात त्या गद्यात. आश्विनशेठ दरबारी रागात ‘मृगनयना रसिक मोहिनी’ सुरू करतो तेव्हा फाल्गुनरावाचा संशय होता तिथंच उभा राहतो. आता वेळ गायकाचा. तीन मिनिटांत संपवायचं की बारा मिनिटं रंगवायचं, हे त्याचा गळा आणि समोरचा प्रेक्षक मिळून ठरवतात. संगीत नाटकाचं जुनं पुस्तक उघडा. पदाच्या डोक्यावर बारीक टायपात राग, ताल किंवा ‘चाल’ एवढंच दिलेलं असतं. तो सांगाडा, अंग गायकानं भरायचं.

याचा पुरावा नाटकाच्या जन्मकथेतच आहे. फ्रेंच नाटककार मोलिएरची 1660 मधली एकांकी प्रहसनिका इंग्रजीत नाटककार आर्थर मर्फीच्या हातून गेली आणि तिथून गोविंद बल्लाळ देवलांकडे आली. 1893 च्या सुमाराचं ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक होतं! पदं घालून गंधर्व नाटक मंडळीनं ते 1916 साली ‘संशयकल्लोळ’ या नावानं आणलं. म्हणजे दोन दशकांहून जास्त काळ ही गोष्ट पदांवाचून उभी होती. ‘फिगारो’तून संगीत काढा, हाती राहील फ्रेंच नाटककार बोमार्शेच्या मूळ नाटकाचा त्रोटक आराखडा.

अपवाद आहेत. रॉसिनीच्या ‘बार्बर ऑफ सेव्हिल’मध्ये (1816) नायिकेच्या गाण्याच्या शिकवणीचा प्रवेश आहे. तिथं नामवंत गायिका स्वतःच्या आवडीचं भलतंच गाणं घालत. वन्समोरही तिकडे होताच. ‘फिगारो’ला इतके वन्समोर पडले की ऑस्ट्रियाच्या सम्राट जोसेफ दुसऱ्यानं हुकूम काढला: एकाहून अधिक गळ्यांचा तुकडा पुन्हा गायचा नाही. मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात तर वन्समोर जवळजवळ हद्दपार झाला होता. 2007 साली तिथं गायक हुआन दिएगो फ्लोरेसनं दोनिझेत्तीच्या एका विनोदी ऑपेरातलं गाणं पुन्हा गायलं, त्याची जगभर बातमी झाली. आपल्याकडे वन्समोर मिळाला नाही तर बातमी.

म्हणूनच ‘पुनरुज्जीवन’ या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे उलटा होतो. ऑपेरात स्वर सहसा जपतात आणि बाकीचं बदलतात. अमेरिकी दिग्दर्शक पीटर सेलर्सनं ‘फिगारो’ न्यूयॉर्कच्या ट्रम्प टॉवरमध्ये नेऊन ठेवला, मोझार्ट मात्र जागच्या जागी. आपण शालू, पगडी, झुंबर जपतो आणि पदं कापतो. ‘सौभद्र’मध्ये मुळात शंभराहून अधिक पदं आहेत, आज त्यातली मोजकीच होतात. पाच अंक एका बैठकीत बसवायचे तर काही जाणारच, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती पद अर्धवट करण्याबद्दल. ‘ऑपेरासारखा वेग’ हवा म्हणून मुखडा, एक अंतरा, दोन ताना आणि लगेच पुढचा संवाद, असे प्रयोग मी पाहिलेत. ऑपेराला वेग येतो तो गाण्यातच गोष्ट धावते म्हणून. तुमची गोष्ट तर थांबलेलीच आहे, मग गाण्याला घाई कशाची? वेळ कमी असेल तर दहा पदं गाळा, पण उरलेली गायकाला पुरती गाऊ द्या. तबलजीनं लग्गी, म्हणजे जलद बोल, सुरू केली की फाल्गुनरावाला विंगेत बसवून ठेवा, त्याचा संशय कुठं पळून जात नाही.