टायमरच्या आधी घटिका होती

सदाशिव पेठेतल्या किंवा नवी पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत सकाळी डोकावलं, तर एमपीएससीच्या पुस्तकांशेजारी कुठे ना कुठे टायमर लावलेला मोबाइल दिसतो. पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं विश्रांती, पुन्हा पंचवीस. या तंत्राचं नाव ‘पोमोडोरो’. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते स्वतःच्या अभ्यासासाठी शोधलं. हाताशी होता तो स्वयंपाकघरातला टायमर, टोमॅटोच्या आकाराचा. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोडोरो म्हणतात, इतकंच.

गंमत म्हणजे जवळपास याच मापाचं एकक आपल्याकडे कित्येक शतकं वापरात होतं. घटिका २४ मिनिटांची. बुडाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की घटिका झाली. अशा ६० घटिकांचा एक दिवस-रात्र, आणि एका घटिकेची ६० पळं. ‘घटकाभर टेक’, ‘पळभर थांब’, ‘घटका भरली’ ही सगळी बोली त्या काळगणनेतली. लग्नात काही गुरुजी अजूनही घटिकापात्र मांडतात. पण ती वाटी बुडायची मुहूर्तासाठी. कोणाच्या हातून किती काम उरकलं, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

वेळ दवडू नये, हा उपदेश मात्र जुना. दासबोधाच्या अकराव्या दशकातल्या तिसऱ्या समासात समर्थांनी पहाटे उठण्यापासूनचा दिनक्रम सांगितला आहे आणि एकही क्षण रिकामा न जाऊ देणं हे भाग्यवंताचं लक्षण मानलं आहे. आजच्या प्रेरणादायी व्याख्यानांत याहून वेगळं फारसं काही मला तरी ऐकायला मिळालेलं नाही.

मिनिटाला धाक आला तो रेल्वे आणि कारखान्यांमुळे. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे लोहमार्ग सुरू झाला आणि १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. पुढे १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. पुण्याचा सूर्य या वेळेच्या सुमारे ३५ मिनिटं मागे चालतो. म्हणजे घड्याळात बारा वाजतात तेव्हा इथे खरी माध्यान्ह व्हायची असते. मुंबईकरांनी तर आपली जुनी ‘मुंबई टाइम’ बरीच वर्षं सोडली नाही. (पुणेकरांचं १ ते ४ हा वेगळाच विषय आहे, तो इथे नको.)

या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा माणूस व्यवस्थापनाच्या वर्गात सहसा भेटत नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरण्यांकडे वळले. तिथे काम दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले आणि आठवड्याची सुट्टी नव्हती. १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन निघालं. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास जेवणाची सुट्टी, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. रविवारच्या सुट्टीसाठी १० जून १८९० उजाडावा लागला. आपल्याकडे वेळेच्या नियोजनात ‘थांबायचं कधी’ हा प्रश्न ठणकावून विचारला तो या गिरणी कामगारांनी.

उलट बाजूने अमेरिकेत फ्रेडरिक टेलर स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या एकेका हालचालीचे सेकंद मोजत होता. त्याचं ‘शास्त्रीय व्यवस्थापन’ १९११ मध्ये पुस्तकरूपाने आलं. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. पुढे पिंपरी-चिंचवडचा पट्टा उभा राहिला आणि पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी यांवर घराघरातली जेवणंही ठरू लागली. पाळी संपली की निदान त्या दिवसापुरतं काम संपायचं.

कार्यालयात बसून डोक्याचं काम करणाऱ्याला भोंगा नसतो. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकरने १९६७ मध्ये त्याच्यासाठी वेगळा उपाय सुचवला: नियोजन नंतर, आधी आपला वेळ जातो कुठे ते लिहून काढा.

अभ्यासिकेतली मुलं नेमकं तेच करतात, बहुतेक ड्रकरचं नावही न ऐकता. वहीच्या मागच्या पानावर रोजचा हिशेब असतो, नऊ तास चाळीस मिनिटं, आठ तास पाच मिनिटं. मग रात्री त्या पानाचा फोटो मित्रांच्या ग्रुपवर जातो आणि कोणीतरी विचारतं, ‘आज कमी का?’