कंट्रोलर रीमॅपिंग आणि इनपुट लॅग

कंट्रोलरचे बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत जाणारा वेळ म्हणजे इनपुट लॅग किंवा इनपुट डिले. पीसीवर कंट्रोलर आणि गेम यांच्या मध्ये रीमॅपिंग सॉफ्टवेअर, म्हणजे कोणत्या बटणाने काय व्हावे हे बदलून देणारा रीमॅपर, बसवले की या वेळेत थोडी भर पडते. किती, यावर खेळणाऱ्यांत एकमत नाही. सांगली-मिरजेकडे तक्रार एका वाक्यात होते, ‘बटन उशिरा लागालंय,’ आणि आरोपी म्हणून रीमॅपरच उभा केला जातो. खरा दोष बहुधा त्याला नेमून दिलेल्या कामात असतो.

मुळात हा मध्यस्थ लागतो कशाला? २००५ साली एक्सबॉक्स ३६० च्या जोडीने आलेली एक्सइनपुट ही कंट्रोलर वाचण्याची पद्धत पीसीवरच्या बहुतेक नव्या गेमना कळते. प्लेस्टेशनचा कंट्रोलर आणि बरेचसे स्वस्त यूएसबी गेमपॅड तिच्यातून बोलत नाहीत. जुन्या गेमची अडचण उलटी. त्यांना आधीची डायरेक्टइनपुट पद्धत हवी असते आणि एक्सबॉक्सचा कंट्रोलर तिच्यातून वाचला तर त्याचे दोन्ही ट्रिगर एकाच अक्षावर, म्हणजे एकाच मापाच्या दोन टोकांना, येतात. दोन्ही एकदम दाबले की एकमेकांना खोडतात. मग डीएस४विंडोज, स्टीम इनपुट, जॉयटूकी अशांपैकी एखादा दुभाषा मध्ये घ्यावा लागतो. काही दुभाषे विंडोजमध्ये एक आभासी कंट्रोलर उभा करतात, तर काही बटणाचे रूपांतर कीबोर्डच्या कळीत करतात.

मार्केट यार्डात हळदीचा सौदा अडत्यामार्फत होतो, तसा इथे दाबलेल्या बटणाचा. कंट्रोलरची खबर यूएसबीने ठरावीक अंतराने येते. सेकंदाला १२५ वेळा विचारणा होत असेल तर दर ८ मिलिसेकंदांनी, १००० वेळा होत असेल तर दर मिलिसेकंदाला. रीमॅपर ती वाचतो, बदलतो आणि पुढे देतो. नीट लिहिलेल्या सॉफ्टवेअरला यासाठी एक-दोन मिलिसेकंद पुरतात. एवढीशी अडत कोणाच्या बोटांना जाणवत नाही. तरी ‘मला जाणवते’ म्हणणारा खोटे बोलतो असेही नाही, कारण बरेचसे गेम प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला, एकदाच कंट्रोलरकडे पाहतात. सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये ही नजर दर १६.७ मिलिसेकंदांनी पडते. खबर त्याआधी पोचली तर मिलिसेकंदाचा उशीर पूर्ण पचतो; नजर फिरल्यावर केसभर उशिरा पोचली तर अख्खी फ्रेम जाते. म्हणून दहातले नऊ फटके अचूक बसतात आणि दहावा चुकतो. क्रिकेटच्या गेममध्ये हा दहावाच लक्षात राहतो. ताशी १४० किलोमीटरचा खरा चेंडू एवढ्या वेळात साधारण ६५ सेंटिमीटर पुढे जातो.

मोठा उशीर वेगळ्याच ठिकाणी होतो. एका बटणावर दोन कामे ठेवली, एकदा दाबल्यास उडी आणि पटकन दोनदा दाबल्यास शस्त्रबदल, तर पहिल्या दाबानंतर सॉफ्टवेअरला थांबावेच लागते. दुसरा दाब येणार की नाही हे त्याला आधी कसे कळणार? ही वाट पाहण्याची मुदत २०० मिलिसेकंद ठेवली की साधी उडीही १२ फ्रेम उशिरा लागते. ‘धरून ठेवल्यास वेगळे काम’ या सोयीचेही तसेच. तिथे साध्या दाबाचा हुकूम बोट उचलल्यावरच सुटतो. तक्रार घेऊन येणाऱ्याचे प्रोफाइल, म्हणजे रीमॅपरमधली बटणांची मांडणी, उघडले की अशी एखादी सोय हमखास सापडते. अनेकदा ती नेटवरून उतरवलेल्या दुसऱ्याच्या प्रोफाइलबरोबर आलेली असते.

सेकंडहँड कंट्रोलरची कथा निराळी. झिजलेली स्टिक आपोआप सरकू लागली की डेडझोन, म्हणजे मध्याजवळची हालचाल दुर्लक्षिली जाते तो भाग, वाढवतात. मग स्टिक बरीच कलल्याशिवाय खेळाडू हलत नाही. हा अंगठ्याच्या जास्तीच्या प्रवासाचा वेळ असतो, पण हाताला तो लॅगच वाटतो. जायरोवर, म्हणजे कंट्रोलर कसा वळतो ते मोजणाऱ्या सेन्सरवर, स्मूदिंग वाढवल्यास मागच्या वाचनांची सरासरी निघते आणि नेम खरोखरच मागे राहतो.

घरगुती स्क्रिप्टमध्ये विंडोजचे घड्याळ आडवे येते. त्याचा नेहमीचा ठोका १५.६ मिलिसेकंदांचा असल्याने ‘एक मिलिसेकंद थांब’ सांगितलेला प्रोग्राम पुढच्या ठोक्यापर्यंत झोपू शकतो. बॅटरीवर चाललेला, पॉवर सेव्हरमधला लॅपटॉपही यात भर घालतो. वीज गेल्यावर खेळ चालू ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालते आणि यूएसबी ३ चा पेनड्राइव्ह त्याच पट्ट्यात गोंगाट करतो. ब्लूटूथचा डाँगल (पोर्टमध्ये खोचायचा छोटा रिसीव्हर) शेजारच्या पोर्टमध्ये असेल तर एक्स्टेन्शन वायरने लांब न्यावा.

दुहेरी इनपुटलाही लोक लॅग म्हणतात. गेमला खरा आणि आभासी असे दोन्ही कंट्रोलर दिसतात, एका दाबाला मेनू दोन ओळी सरकतो. हिडहाइडसारख्या साधनाने खरा कंट्रोलर गेमपासून लपवला की हे थांबते.

मोजायला मोबाइलचा स्लो मोशन पुरतो. सेकंदाला २४० फ्रेमच्या चित्रणात एक फ्रेम ४.२ मिलिसेकंदांची. अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत धरून रीमॅपरसह वीस-तीस वेळा आणि त्याच्याविना तितक्याच वेळा बटण दाबावे, फ्रेम मोजाव्यात, दोन्ही सरासऱ्यांची वजाबाकी करावी. पीसी हॉलमधल्या टीव्हीला जोडलेला असेल तर तिसरी फेरीही घ्यावी, टीव्हीचा गेम मोड चालू करून. रीमॅपर बंद केल्याने न हललेला आकडा तिथे बऱ्याचदा निम्म्यावर येतो.