गिटार पिकअपची घरगुती बांधणी

गिटार पिकअपची घरगुती बांधणी : विद्युत गिटारच्या तारांखाली बसणारा, चुंबक आणि तांब्याच्या बारीक वेटोळ्याचा ‘पिकअप’ घरच्या साधनांनी तयार करण्याची कारागिरी. पोलादी तार चुंबकाजवळ कंप पावली की वेटोळ्यातला चुंबकीय प्रवाह कमी-जास्त होतो आणि त्यात अल्प विद्युत दाब उत्पन्न होतो. मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेले प्रवर्तन ते हेच. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९३१ मध्ये, अमेरिकेत जॉर्ज बीचम आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांच्या ‘फ्राइंग पॅन’ गिटारवर हे तत्त्व वाद्यात उतरले. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये उलट दिशांची दोन वेटोळी जोडून विजेची घरघर मारणारा ‘हंबकर’ आणला.

गोव्यात या कारागिरीला दोन कारणांनी गिऱ्हाईक आहे. एक म्हणजे वाजवणारे पुष्कळ. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेल्या पिढ्या, तियात्र (कोंकणी संगीत नाटक), लग्नांतले बँड, किनाऱ्यावरचे शॅक (हंगामी खाणावळी) आणि फोंडा-डिचोली-पेडण्याकडचे ऑर्केस्ट्रा, सगळीकडे विद्युत गिटार आहे. दुसरे कारण हवेचे. खारट, दमट वाऱ्यात केसाएवढ्या तारेवर हिरवट गंज चढतो, एका जागी ती तुटते आणि पिकअप मुका होतो. जूनपूर्वी शॅक उतरतात, कार्यक्रम थांबतात आणि दुरुस्तीला वेळ मिळतो तो ऐन पावसात, दारे-खिडक्या लावून बसण्याच्या दिवसांत. पुढचे बहुतेक विवेचन बंद खोलीत साचणाऱ्या धुराच्या या एका अडचणीभोवती फिरते.

तार : अमेरिकन गेजची (तारेच्या जाडीच्या मापाची) ४२ नंबरची तार सर्वाधिक वापरली जाते, तिची जाडी सुमारे ०.०६३ मिमी. आपल्याकडे मोटार वाइंडिंगच्या दुकानांत मात्र ब्रिटिश एसडब्ल्यूजी गेज चालतो आणि त्यातली ४२ नंबरची तार ०.१ मिमीची, म्हणजे बरीच जाड असते. दुकानात ‘बेचाळीस नंबर द्या’ म्हटले की चूक तिथेच होते. मागायची ती ४६ एसडब्ल्यूजी, सुमारे ०.०६१ मिमी. स्ट्रॅटोकास्टर (फेंडर कंपनीची गिटार) घडणीच्या पिकअपला या तारेचे ८,००० च्या आसपास वेढे लागतात, म्हणजे लांबी एक किलोमीटरहून अधिक आणि रोध सुमारे ६ किलोओहम. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे २० अंशांना ६ किलोओहम दाखवणारे वेटोळे पणजीतल्या ३२ अंशांच्या दुपारी ६.२८ दाखवते. हा फरक ठाऊक नसलेले लोक उगाच वेढे सोडवत बसतात.

वेढणीयंत्र : फणसाच्या किंवा सागाच्या जाड फळीवर शिवणयंत्राची मोटार बसवायची, तिच्या आसावर लाकडी चकती आणि चकतीवर दुतर्फी टेपने बॉबिन (ज्यावर तार वेढायची तो साचा) चिकटवायचे. वेग पायाच्या पॅडलने सांभाळता येतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. म्हणून ड्रिल मशीनपेक्षा ही जोडणी बरी. तारेचे रीळ खाली उभे ठेवून तार वरून ओढली की रीळ फिरावे लागत नाही आणि झटका बसत नाही. ताण नमद्याच्या दोन तुकड्यांमधून, चिमटीत धरून द्यायचा. तो शब्दांत सांगता येत नाही. पाच-सहा बॉबिने वाया गेली की बोटांना कळतो.

वेढे मोजण्याची जुनी युक्ती अजून उत्तम चालते. साध्या कॅल्क्युलेटरच्या ‘=’ या बटणाच्या दोन टोकांना रीड स्विचच्या (चुंबक जवळ आले की जुळणाऱ्या स्विचच्या) वायरी जोडायच्या आणि चकतीवर छोटे चुंबक लावायचे. १ + १ दाबल्यावर प्रत्येक फेऱ्याला आकडा एकाने वाढतो. स्वस्त कॅल्क्युलेटर फार जलद दाब टिपत नाही, म्हणून मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या आत राहावे. ८,००० वेढ्यांना मग निदान सव्वातेरा मिनिटे लागतात. अल्निकोच्या (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट व लोह) दांड्या व्हाइसच्या जबड्यांवर बसवलेल्या दोन निओडिमियम चुंबकांमधून काढल्या की चुंबकित होतात. ध्रुव होकायंत्राने तपासावेत. पेसमेकर बसवलेल्या माणसाने या चुंबकांपासून दूर राहावे.

धूर : अवजारे चुकली तर तार वाया जाते, धुरात चूक झाली तर श्वास अडतो, आणि तो कायमचाही अडू शकतो. तारेची टोके जोडण्यासाठी सोल्डरिंग (शिसे-कथलाचे डाग देणे) करताना दिसणारा धूर शिशाचा आहे, असा सार्वत्रिक समज आहे. शिसे १,७४९ अंश सेल्सिअसला उकळते. सोल्डरिंगचे टोक ३५० अंशांच्या आसपास असते, तेव्हा वाफ होऊन उडणारे शिसे नगण्य. शिसे पोटात जाते ते बोटांवरून, बाकावरच्या चहाच्या कपातून आणि चिवड्याच्या वाटीतून. त्यावर इलाज साबणाने हात धुण्याचा आणि बाकावर खाणेपिणे बंद ठेवण्याचा. लहान मुले आणि गरोदर बाई असलेल्या घरात तो कसोशीने पाळावा.

धूर असतो तो फ्लक्समधल्या (सोल्डर नीट धरावे म्हणून वापरलेल्या पदार्थातल्या) राळेचा. राळेचा धूर हे कामाच्या जागी जडणाऱ्या दम्याचे एक प्रमुख आणि सिद्ध झालेले कारण आहे. त्याहून सावध राहावे ते तारेच्या लेपापासून. आज मिळणाऱ्या पुष्कळ तारांवर पॉलियुरेथेनचा लेप असतो. तो सोल्डरच्या उष्णतेने जळून जातो, म्हणून तार खरवडावी लागत नाही. सोय मोठी आहे, पण जळताना त्यातून आयसोसायनेट वायू सुटतात. शरीर एकदा त्यांना संवेदनशील झाले की पुढे अत्यल्प मात्राही दमा उठवते. लायटरने तारेचे टोक जाळण्याची पद्धत म्हणूनच पूर्ण सोडावी. त्यात तारही ठिसूळ होते. फॉर्मव्हार नावाच्या दुसऱ्या लेपाची तार बारीक पॉलिशपेपरने हलकेच खरवडतात, तिथे हा प्रश्न कमी येतो. खोकला किंवा छातीतली शिट्टी काही तासांनी, रात्री सुरू होत असेल आणि काम बंद असलेल्या दिवशी बरे वाटत असेल, तर डॉक्टरांना कामाचे स्वरूप आवर्जून सांगावे.

टेबलफॅन लावला की धूर जातो, हा भ्रम आहे. तो खोलीभर पसरतो. स्प्लिट एसी तीच हवा फिरवत राहतो. साधा धूळमास्क किंवा एन-९५ वायू अडवत नाही. मेजावरच्या छोट्या पंख्याला लावलेली कोळशाची पातळ चटई थोडा वास कमी करते, आणि वास गेला म्हणून माणूस निश्चिंत होतो. प्रस्तुत लेखकाला हे साधन सर्वांत फसवे वाटते. धूर घराबाहेर न्यावा लागतो. त्याला १२० मिमीचा कॉम्प्युटरचा पंखा, प्लंबिंगचा ११० मिमीचा पीव्हीसी पाइप आणि खिडकीच्या तावदानाच्या जागी बसवलेली प्लायची फळी एवढे पुरते. बाहेरच्या टोकाला खाली वळवलेला एल्बो लावला की आषाढातली झडही आत येत नाही. तोंडापासून नळीच्या व्यासाएवढ्या अंतरावर हवेची ओढ सुमारे दहाव्या हिश्श्यावर येते; म्हणून नळीचे तोंड जोडकामापासून १२ सेंमीच्या आत हवे आणि आपला चेहरा त्या दोहोंच्या मध्ये नको. समोरच्या बाजूचे दार फटीएवढे उघडे ठेवावे, नाहीतर पंख्याला ओढायला हवाच मिळत नाही. तपासणी उदबत्तीने होते : जोडकामाच्या जागी धरलेल्या उदबत्तीचा धूर सरळ नळीत वळला पाहिजे.

मेण आणि लॅकर : वेढे हलून मोठ्या आवाजात पिकअप किंचाळू नये म्हणून ते मेणात बुडवतात. पॅराफिन चार भाग, मधमाश्यांचे मेण एक भाग, तापमान ६० ते ६५ अंश. बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचे. फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) दिवसांत स्वस्त मिळणाऱ्या साध्या पांढऱ्या मेणबत्त्या चालतात, रंगीत किंवा सुगंधी नकोत. मेणाचा डबा नेहमी पाण्याच्या पातेल्यात ठेवून तापवावा आणि आत थर्मामीटर असावा, कारण ७० अंशांपुढे प्लास्टिकचे बॉबिन वाकू लागते. थेट शेगडीवर मेण जास्त तापले तर डोळे चुरचुरवणारा धूर निघतो आणि पुढे भडका उडतो. पेटलेल्या मेणावर पाणी कधीही ओतू नये. झाकण ठेवून गॅस बंद करावा.

बॉबिनवर लेप म्हणून देण्याच्या लॅकरच्या थिनरमधली टोल्युइनसारखी द्रावके ज्वालाग्राही असतात आणि त्यांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. वरची खिडकी उघडून ती जात नाही. शिवणयंत्राच्या मोटारीत कार्बन ब्रशच्या ठिणग्या उडतात, तेव्हा वेढणी चालू असलेल्या खोलीत थिनरचा डबा उघडू नये. वर सांगितलेल्या पंख्यातूनही ही वाफ ओढू नये. हे काम पडवीत किंवा अंगणात, सेंद्रिय वाफेचे कार्ट्रिज असलेला मास्क लावून करावे. पावसाळ्यात तसेही लॅकर दमट हवेतली ओल पकडून दुधाळ पांढरे पडते. म्हणून गोव्यात वेढणी आणि मेणकाम जून ते सप्टेंबरमध्ये उरकून लॅकरच्या वस्तू दसऱ्यानंतरच्या कोरड्या हवेसाठी बाजूला ठेवतात.