भाड्याच्या घरातील ओल: दुरुस्ती कोणाची?

पावसाळ्यात बेळगाव-खानापूर भागात भाड्याच्या घराच्या भिंतीवर बुरशी दिसली, की घरमालक बंद खिडक्यांकडे बोट दाखवतो आणि भाडेकरू छताकडे. हा वाद बहुतेक वेळा भिंत नीट पाहिल्यास मिटू शकतो, कारण ओल ज्या वाटेने येते त्या वाटेची खूण ठेवते.

जमिनीतील पाणी केशाकर्षणाने वर चढते. वीट, चुना आणि आपल्याकडचा जांभा दगड हे सच्छिद्र असल्याने पाणी त्यांतून साधारण मीटरभर उंचीपर्यंत सरकते, तेथे सुकते आणि सोबत आणलेले क्षार मागे ठेवते; यालाच आपण लोणा म्हणतो. तळाशी आडवा डाग, पांढरी पूड आणि पोपडे असतील, तर जोत्यातील ओलप्रतिबंधक थर नाही किंवा निकामी झाला आहे, असे समजावे. मे महिन्यात घर पाहताना भिंत कोरडी असली तरी ही रेघ बहुधा दिसते, अर्थात मालकाने ती नव्या रंगाखाली झाकली नसेल तर. छताची गळती ओळखणे त्याहून सोपे असते: जोरदार पावसानंतर डाग पसरतो आणि उघडीप मिळाली की आकसतो.

तिसरी ओल घरातल्याच हवेतली असते आणि तिच्याविषयी गैरसमज फार आहेत. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाणी बाष्परूपाने तयार होते, म्हणजे 14.2 किलोच्या सिलिंडरमधून सुमारे 22 लिटर. घरात वाळत घातलेले कपडे त्यात भर घालतात. खोलीतील हवा 24 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता 70 टक्के असेल, तर 21 अंशांच्या थंड भिंतीलगत तीच आर्द्रता 84 टक्क्यांच्या आसपास जाते, आणि ती काही दिवस 80 टक्क्यांवर राहिली तरी बुरशीला पुरते. थेंब दिसण्याची गरज नसते. म्हणून बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटामागे आणि कोपऱ्यांत काळे ठिपके येतात, लोणा मात्र दिसत नाही. पावसाळी हवा दमट असली तरी घरातील हवेत बाष्प बहुधा त्याहून अधिक असते, त्यामुळे स्वयंपाक करताना खिडकी उघडण्याने जुलैतही फायदा होतो. ही सवय भाडेकरूने लावून घ्यावी. पण ज्या स्वयंपाकघराला झरोकाच नाही, त्याचा दोष भाडेकरूच्या माथी मारणे मला पटत नाही.

शंका असल्यास फॉइलचा तुकडा चारही कडांनी भिंतीला चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा: आतल्या बाजूला पाणी साचले तर ओल भिंतीतली आणि खोलीकडच्या बाजूला साचले तर हवेतली.

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 नुसार, करारात वेगळे ठरलेले नसल्यास, मालकाला माहीत असलेला पण भाडेकरूला साध्या पाहणीत न दिसणारा गंभीर दोष मालकाने सांगायचा असतो. जी दुरुस्ती करण्यास मालक बांधील आहे, ती त्याने सूचना मिळूनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. नेहमीची झीज वगळता घर मिळाले तसे राखणे हे मात्र भाडेकरूचे काम. त्यामुळे अकरा महिन्यांच्या करारावर सही करण्यापूर्वी दुरुस्तीचे कलम वाचावे, राहायला जाताना भिंतींचे फोटो काढावेत आणि सूचना लेखीच द्यावी.

दुरुस्तीत लोणा लागलेला गिलावा काढायलाच हवा, कारण त्यातील क्षार हवेतील बाष्प शोषत राहतात आणि वरून दिलेला रंग पुढच्या पावसाळ्यात पुन्हा सुटतो.