न्यूयॉर्क जायंट्सचा २००७ चा सीझन आणि सुपर बोलपर्यंतची वाट

न्यूयॉर्क जायंट्स ही एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधली १९२५ पासूनची टीम. नाव न्यूयॉर्कचं, पण होम ग्राउंड शेजारच्या न्यू जर्सीत ईस्ट रदरफर्डला, त्यामुळे तिकडच्या मराठी घरांमधून पण या टीमचे फॅन सापडतात. २००७ च्या सीझनमध्ये जायंट्स वाइल्ड कार्डवर प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या नॉकआउट मॅचेसमध्ये, आले, तीन मॅचेस दुसऱ्यांच्या मैदानावर जाऊन जिंकल्या आणि ३ फेब्रुवारी २००८ ला सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, पण जिंकला. एनएफसी या गटातून वाइल्ड कार्डवाल्या टीमने सुपर बोल जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

आधी फॉरमॅट, कारण तो कळल्याशिवाय यातलं अवघडपण कळत नाही. ३२ टीम्स, एएफसी आणि एनएफसी अशा दोन कॉन्फरन्स म्हणजे गट, प्रत्येकीत ४ डिव्हिजन, आणि दोन्ही कॉन्फरन्सचे विजेते सुपर बोलला भिडतात. तेव्हा प्रत्येक टीम सीझनला १६ मॅचेस खेळायची आणि कॉन्फरन्समधून ६ टीम्स प्लेऑफला जायच्या, चार डिव्हिजन जिंकणाऱ्या आणि उरलेल्यांतल्या सगळ्यात चांगल्या दोन, त्यांना वाइल्ड कार्ड म्हणतात. पहिल्या दोन नंबरच्या टीम्सना पहिल्या राउंडला सुट्टी. आणि मॅच होते वरच्या नंबरवाल्याच्या घरी, एकदा हरलं की संपलं. जायंट्स पाचव्या नंबरवर होते, म्हणजे सुपर बोल येईपर्यंत घरी एकही मॅच मिळणार नाही हे जवळपास ठरलेलंच.

सीझनची सुरुवात तर फारच वाईट झाली. टीमचा मोठा रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) टिकी बार्बर रिटायर होऊन टीव्हीवर गेला होता आणि तिथून क्वार्टरबॅक (पास टाकणारा, अटॅक चालवणारा) ईलाय मॅनिंगच्या लीडरशिपवर टीका करून मोकळा झाला, डिफेन्समधला मायकल स्ट्रेहन रिटायर व्हायचं की नाही या विचारात ट्रेनिंग कॅम्पलाच आला नाही, आणि कडक शिस्तीचा म्हणून ओळखला जाणारा कोच टॉम कॉफलिन, त्याची नोकरी जाणार असं सगळीकडे बोललं जात होतं. पहिल्या मॅचला डॅलसने ४५-३५ हरवलं, दुसऱ्या मॅचला ग्रीन बे पॅकर्सनी घरी येऊन ३५-१३ धुतलं.

तिसरी मॅच वॉशिंग्टनला, हाफटाइमला १७-३ ने मागे. माझ्या मते सीझन खरा फिरला तो इथे, लोक नंतरच्या, सुपर बोलमधल्या हेल्मेट कॅचबद्दल बोलतात पण इथले शेवटचे चार प्ले नसते तर पुढचं काहीच नसतं. सेकंड हाफमध्ये जायंट्सनी २१ पॉइंट काढून २४-१७ लीड घेतला आणि शेवटच्या मिनिटात वॉशिंग्टनचा बॉल गोल लाइनपासून (बॉल घेऊन ती ओलांडली की टचडाऊन) १ यार्डावर, हातात चार डाऊन, म्हणजे चार प्रयत्न. पहिला डाऊन घड्याळ थांबवण्यात गेला, दुसऱ्यात पास पूर्ण झाला नाही, तिसऱ्या आणि चौथ्याला बॉल लॅडेल बेट्सकडे दिला आणि दोन्ही वेळा जायंट्सच्या डिफेन्सने त्याला आत जाऊच दिलं नाही. पुढच्या आठवड्यात फिलाडेल्फियाच्या क्वार्टरबॅकला १२ वेळा सॅक केलं, म्हणजे पास टाकायच्या आत पाडलं, त्यातले ६ एकट्या ओसी उमेन्योराचे. स्टीव्ह स्पॅग्नुओलो हा नवा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर आला होता, त्याची स्कीम बसली ती तेव्हापासून.

सलग सहा मॅचेस जिंकल्या, त्यातली एक लंडनला वेम्बलीवर मायामीविरुद्ध. पण गाडी सरळ चालली असं नाही. नोव्हेंबरमध्ये मिनेसोटाविरुद्ध ईलायने ४ इंटरसेप्शन दिल्या, म्हणजे पास समोरच्यांनी पकडले, त्यातल्या ३ वर थेट टचडाऊन खाल्ले, ४१-१७. घरी रेकॉर्ड (विजय-पराभव) ३-५ आणि बाहेर ७-१, एकूण १०-६. बाहेर हरले ते फक्त ती पहिली डॅलसची मॅच.

शेवटची मॅच २९ डिसेंबरला, समोर न्यू इंग्लंड पेट्रियट्स, क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीची टीम, १५-० वर. बफेलोला हरवून जायंट्सचं प्लेऑफ पक्कं झालं होतं, नंबर पण बदलणार नव्हता, म्हणजे मेन प्लेयर्सना बसवलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं. कॉफलिनने सगळ्यांना खेळवलं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये जायंट्सचा २८-१६ असा लीड होता, शेवटी ३८-३५ हरले, काही जण जखमी पण झाले, पण या टीमला हरवता येतं हे कळलं ते त्या रात्री. मला तरी कॉफलिनच्या करिअरमधला हा सगळ्यात मोठा निर्णय वाटतो.

प्लेऑफमध्ये पहिली टॅम्पा बे, २४-१४, फार त्रास झाला नाही. मग डॅलस, १३-३ वाली नंबर वन टीम जिने सीझनमध्ये दोनदा हरवलेलं. डॅलसने हाफटाइमच्या तोंडावर १४-७ केलं होतं आणि ईलायने मिनिटाच्या आत टीमला मैदानभर नेऊन अमानी टूमरला टचडाऊन पास दिला, तिथे मॅचचा रंग बदलला. शेवटी जायंट्सच्या आर. डब्ल्यू. मॅक्वार्टर्सने एंड झोनमध्ये (गोल लाइनच्या पलीकडे) डॅलसचा क्वार्टरबॅक टोनी रोमोचा पास पकडला, २१-१७.

२० जानेवारी २००८, ग्रीन बे, लॅम्बो फिल्ड, एनएफसीची फायनल. तापमान उणे १८ सेल्सिअस आणि वाऱ्यामुळे अंगाला लागणारी थंडी उणे ३० च्या आसपास, कॉफलिनचे गाल टीव्हीवर लालभडक दिसत होते. जायंट्सच्या प्लॅक्सिको बरेसने ११ कॅच घेतले. २०-२० असताना जायंट्सचा किकर लॉरेन्स टाइन्सने चौथ्या क्वार्टरमध्ये दोन फिल्ड गोल (पोस्टच्या मधून किक, ३ पॉइंट) चुकवले, एक ४३ यार्डांवरून, दुसरा अगदी शेवटच्या क्षणी ३६ वरून, त्यात स्नॅप (किकसाठी मागे फेकलेला बॉल) पण उंच आला होता. ओव्हरटाइमचा टॉस पॅकर्सनी जिंकला, तेव्हा पहिला स्कोअर करेल तो जिंकला असा नियम होता, आणि पॅकर्सचा क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्हचा पास जायंट्सच्या कोरी वेब्स्टरने पकडला. पॅकर्सच्या जर्सीतला फार्व्हचा तो शेवटचा पास ठरला. तिथून तीन प्लेमध्ये फर्स्ट डाऊन (१० यार्ड पुढे गेलं की मिळणारे नवे चार प्रयत्न) मिळाला नाही, फिल्ड गोल ४७ यार्डांवरून, म्हणजे आधीच्या दोन्हीपेक्षा लांब, आणि कॉफलिन काही सांगायच्या आत टाइन्स स्वतःच पळत मैदानात गेला. किक आत गेली, २३-२०, आणि तो न थांबता तसाच पळत ड्रेसिंग रूममध्ये गेला.

सुपर बोल ॲरिझोनात ग्लेनडेलला, समोर परत पेट्रियट्स, आता १८-०. सीझनमध्ये ५८९ पॉइंट्सचा रेकॉर्ड केलेल्या टीमला जायंट्सनी १४ वर थांबवलं, ब्रेडीला ५ वेळा सॅक केलं. १४-१० ने मागे असताना ईलाय पकडणाऱ्यांच्या हातातून निसटला आणि डेव्हिड टायरीने हेल्मेटला दाबून धरत ३२ यार्डांचा कॅच घेतला, मग ३५ सेकंद उरलेले असताना बरेसला १३ यार्डांचा टचडाऊन, १७-१४. आदल्या वर्षी सुपर बोलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, ईलायचा भाऊ पेटन होता, यावेळी ईलाय.

सीझनमधल्या सहा पराभवांपैकी चार डॅलस, ग्रीन बे आणि न्यू इंग्लंडकडून होते आणि शेवटच्या तीन मॅचेसमध्ये याच तिघांना याच क्रमाने हरवलं. एकाच सीझनमध्ये बाहेरच्या मैदानांवर सलग १० विजय, तेव्हाचा रेकॉर्ड.

२०११ ला याच कोच आणि क्वार्टरबॅकच्या जोडीने हे परत केलं, फक्त ९-७ वर डिव्हिजन जिंकून. लॅम्बोवर १५-१ वाल्या पॅकर्सना ३७-२०, सॅन फ्रान्सिस्कोत ओव्हरटाइमला परत टाइन्सच्याच किकवर २०-१७, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये इंडियानापोलिसला परत पेट्रियट्सच, २१-१७.