राऊटरच्या हेल्पमधला <सीआर> : पार्श्वभूमी

राऊटर म्हणजे नेटवर्क एकमेकांना जोडणारं यंत्र. त्याच्या कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या पडद्यावर, प्रश्नचिन्ह दाबलं की पुढे काय टाइप करता येईल त्याची यादी मिळते. ही सोय राऊटरवाल्यांच्या आधीची आहे. १९७६ साली आलेल्या टॉप्स-२० या संगणक प्रणालीत ती होती, आणि १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वर्तुळातून निघालेल्या राऊटर कंपनीच्या कमांड लाइनवर तिचीच छाप दिसते. टोकदार कंस त्याहून जुने. १९६०च्या अल्गोल या प्रोग्रामिंग भाषेच्या व्याकरणापासून त्यांचा अर्थ एकच: आतलं जसंच्या तसं लिहायचं नाही.

खरा घोळ <सीआर>चा, म्हणजे 'कॅरेज रिटर्न'चा; एंटरच्या कळीचं हे जुनं नाव. भंवरकुआंच्या नेटवर्किंग क्लासांत बसणारी आपली इंदुरी मराठी मुलं 'आयपी ॲड्रेस' या कमांडपुढे पत्ता आणि मास्क (पत्त्यातला नेटवर्कचा भाग दाखवणारा आकडा) लिहून प्रश्नचिन्ह दाबतात. पडद्यावर दोन ओळी येतात: 'सेकंडरी' आणि खाली <सीआर>. पहिली ओळ जशीच्या तशी टाइप करायची, दुसरी मुळीच नाही! कमांड इथे पुरी झाली, एंटर दाबलं तरी चालेल, एवढंच ती सांगते. कुणी कंसासकट टाइप केलंच तर चुकीच्या जागेखाली टोपीसारखी खूण उमटते. सर म्हणतात, "अरे, बस एंटर मारो," आणि पुढे जातात.

टेलिटाइपच्या, म्हणजे टाइपरायटरसारख्या दूरमुद्रकाच्या, जमान्यातल्या माणसाला कॅरेज रिटर्न सांगावं लागत नसे, म्हणून तेव्हा ही खूण खपून गेली. पण त्याच कंसात <१-४०९४> आलं की तिथे त्या मर्यादेतला आकडा भरायचा असतो. एकाच कंसाला दोन कामं देण्याचं समर्थन माझ्याच्याने होत नाही. त्यातही 'वर्ड' आणि 'लाइन' भरायच्याच जागा, तरी त्यांना कंस नाही, नुसती मोठी (कॅपिटल) इंग्रजी अक्षरं. वर्डमध्ये मोकळी जागा चालत नाही, लाइनमध्ये चालते. इंटरफेसचं, म्हणजे राऊटरच्या एखाद्या जोडणीचं, वर्णन लिहिताना हा फरक नेमका कळतो.

१९९८च्या सुमारास आलेल्या एका प्रतिस्पर्धी प्रणालीने सरळ 'एंटर' लिहून शेजारी 'कमांड चालवा' अशा अर्थाची ओळ दिली. तो शहाणपणा पसरला नाही. १९९६ पासूनच्या मुक्त राऊटिंग सॉफ्टवेअरने जुन्याच पडद्याची नक्कल केली, कारण इंजिनिअरांची बोटं त्याला सरावलेली होती. २०१७ मध्ये त्या घराण्यातून निघालेल्या नव्या शाखेतही <सीआर> कायम आहे.