तुर्की वाइन आणि ती बनवणारे

तुर्कस्तानात वाइनला शाराप म्हणतात, आपल्या शराबची सख्खी बहीणच, फक्त तिकडे या शब्दाचा अर्थ वाइन एवढाच. द्राक्षमळ्याचा तिकडचा शब्दही आपल्या बागेचाच, दोन्ही फारसीतून आलेले, पण ते शेवटचा ग गिळून नुसतं 'बा' म्हणतात.

गंमत अशी की द्राक्ष लागवडीत हा देश जगात पहिल्या पाच-सहात, पण त्यातली वाइनला जातात जेमतेम 2-3 टक्के. बाकीची खायला, बेदाण्याला आणि पेकमेझला (रस आटवून केलेली द्राक्षाची काकवीच म्हणा ना). लोकांचं लाडकं पेय राकी (बडीशेपेच्या वासाची कडक दारू), तेही द्राक्षाचंच. मनिसाकडची सुलतानिये म्हणजे आपली थॉम्पसन सीडलेस, तासगाव-नाशिकवाल्यांना तिची ओळख काय करून द्यायची! तिचीही हलकी व्हाइट वाइन बनते, पण ठीकठाकच.

तशी अनातोलियातली (म्हणजे तुर्कस्तानच्या आशियातल्या भागातली) वाइन तिथल्या प्राचीन हित्ती लोकांच्याही आधीची. कोन्या प्रांतात इव्रीझला कातळात एक देव कोरलाय, त्याच्या हातात द्राक्षाचे घड आणि गव्हाच्या ओंब्या आहेत, इसवी सनापूर्वी 8व्या शतकातला. ऑटोमन काळात मुसलमानांना दारू वर्ज्य, म्हणून हा धंदा मुख्यतः ग्रीक आणि आर्मेनियन लोकांच्या हातात राहिला, आणि 1923 ला ग्रीसबरोबर लोकसंख्येची अदलाबदल झाली तेव्हा ग्रीक कारागीर निघून गेले, मळे मागे राहिले. मग आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक अतातुर्क याच्या राजवटीत नव्याने सुरुवात. 1926 ला नीहात कुतमान यांची दोलुजा वायनरी, 1929 ला अंकाऱ्यात जेनाप अंद यांची कावाक्लिदेरे. या दोन घराण्यांची नावं आजही तिथल्या जवळपास प्रत्येक हॉटेलच्या वाइन लिस्टवर दिसतात. सरकारी कंपनी तेकेलची बुझबा ही रेड 1944 पासूनची, 2004 ला तेकेलचा दारूधंदा खाजगी झाला आणि 2011 ला तो डिआजिओ या ब्रिटिश दारू कंपनीकडे गेला, आता बुझबा काय्रा या नावाखाली येते. मध्य तुर्कस्तानातल्या कापादोकियात तुरासान आहे, इझमीरला सेविलेन, शिवाय 2000 नंतर छोट्या वायनरींची लाटच आली, म्हणजे बोझजाआदा बेटावर एका आर्किटेक्टने काढलेली कोर्वुस, गॅलिपोलीकडची सुव्ला, इझमीरजवळची उर्ला वगैरे.

पण यांचं नशीब बघा. 2013 च्या कायद्याने दारूची जाहिरात आणि स्पॉन्सरशिप बंद, दुकानात रात्री 10 ते सकाळी 6 विक्री बंद, वर भरमसाट टॅक्स. म्हणून बरेचजण मळ्यातच रेस्टॉरंट आणि मुक्कामाच्या खोल्या काढून बसलेत, उर्लाला तर वायनरींनी मिळून मळ्यांचा एक रूटच आखलाय.

चाखायचीच असेल तर कॅबरने-मर्लो या फ्रेंच द्राक्षांची सोडा, ती कुठेही मिळते, तिथल्या देशी जातीची घ्या. पूर्वेकडच्या एलाझीची ओकुझगोझु म्हणजे 'बैलाचा डोळा', टपोरी काळी द्राक्षं, वाइन रसाळ आणि आंबटसर. दियारबाकिरची बोआझकेरे नावाप्रमाणेच घसा खरवडते, इतकी तुरट, म्हणून बऱ्याचदा दोघींचं ब्लेंड करतात आणि ते झकास जमतं. अंकाऱ्याजवळची कालेजिक कारासी हलकी, लाल फळांच्या वासाची, ही जात मध्यंतरी जवळजवळ संपलेली, अंकारा विद्यापीठाने मेहनत घेऊन परत आणली. व्हाइटमध्ये कापादोकियाच्या ज्वालामुखीच्या मातीतली एमिर, एकदम तरतरीत.

आणि तोकातची नारिंजे, जिचं दुखणं वेगळंच. हिची पानं इतकी मऊ आणि पातळ की भात भरून सारमा करायला त्यांना प्रचंड मागणी, त्यामुळे शेतकऱ्याला द्राक्षांपेक्षा पानंच विकावीशी वाटतात, मग वेल ओरबाडली जाते, घड नीट पिकत नाहीत आणि वाइनवाले डोक्याला हात लावून बसतात.